न पेटलेला पाइप

मित्रांनो, मी एक पाइप आहे. तंबाखूचा. नाक मुरडलंत ना? मुरडा, माझी हरकत नाही. आमच्या घराण्याचा धंदा चांगला नाही, हे मी स्वतःच कबूल करतो. पण माझी गोष्ट ऐकून घ्या. मी आजवर एकदाही पेटलेलो नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. उलट सुटलो, असंच म्हणतो.

मी फार जुना नाही, पण अगदी कोरा करकरीतही नाही. इथून फार लांब, समुद्राकाठच्या खडकाळ डोंगरांवर एक झुडूप वाढतं. त्याला ब्रायर म्हणतात. झुडूप वर वाऱ्यात डोलत असतं आणि खाली जमिनीत त्याच्या मुळाशी एक गाठ वर्षानुवर्षं गुपचूप जाड होत असते. ती गाठ म्हणजे मी. हे लाकूड सहजासहजी जळत नाही, म्हणूनच माणसांना त्यात निखारा ठेवायची बुद्धी झाली. जे जळत नाही तेच शोधून जाळायला घ्यायचं, ही माणसांची तऱ्हा मला अजून कळलेली नाही.

मला खणून काढलं, कापलं आणि मोठ्या हंड्यात तासन्‌तास उकळलं. मग कोरड्या खोलीत महिनोन्‌महिने वाळत ठेवलं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, पाण्याशी आपला संबंध संपला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. वाळल्यावर यंत्रावर धरून मला घडवलं. पोटाची वाटी कोरली, मानेतून बारीक भोक पाडलं आणि मानेत एक काळी, वाकडी दांडी बसवली. घडवताना माझ्या गालावर एक खड्डा निघाला. या लाकडात असे खड्डे असतातच. कारागिराने तो बुजवून वर पॉलिश फिरवलं, पण डाग राहायचा तो राहिलाच. त्या डागापायी माझी रवानगी स्वस्त मालात झाली.

असा फिरत फिरत मी अंधेरीला पश्चिमेच्या एका गल्लीतल्या दुकानात येऊन पडलो. तिथे लायटर होते, हातात धरायच्या काठ्या होत्या, पेनं होती आणि काचेच्या कपाटात आम्ही पाइप होतो. दुकान आकाश नावाचा तरुण चालवायचा. वरच्या फळीवर चकचकीत, महाग मंडळी. मी सगळ्यात खालच्या फळीवर.

वरच्या मंडळींना बोलायला एकच विषय होता, पहिली काडी. नव्या पाइपाला म्हणे जपून पेटवावं लागतं. आधी अर्धाच भरायचा, थांबत थांबत ओढायचा, मग हळूहळू पोटाला आतून काजळीचा थर धरतो आणि पाइप टिकतो. पण शिकाऊ माणूस लोहाराच्या भात्यासारखा ओढत सुटतो, आणि पाइपाच्या पोटाला आरपार भोक पडतं. हे मी कान देऊन ऐकायचो. कारण आकाश प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच सल्ला द्यायचा, "पहिला पाइप स्वस्तातलाच घ्या. जळला तर जळला."

मित्रांनो, तो जळला तर जळला म्हणजे मी.

कितीतरी जणांनी मला उचललं, तोंडात धरलं, मोबाइलवर फोटो काढला आणि परत ठेवून दिलं. लोकांना वाटायचं, बिचारा कुणाला आवडत नाही. मी मात्र दर वेळी सुटकेचा श्वास टाकत होतो.

एका सकाळी एक वयस्क जोडपं दुकानात आलं. अनंतराव पोतनीस आणि त्यांची बायको माणिक. राहणार बोरीवलीला, बाभई नाक्याजवळ. अनंतराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले आणि उभा जन्म हौशी नाटकांत कामं केलेले. हे मला पुढे कळलं. त्या वेळी दिसलं ते इतकंच, की म्हातारा रुबाबदार आहे आणि त्याच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली आहे. हातात रुमाल होता. दर थोड्या वेळाने ते त्या रुमालाने ओठाचा कोपरा टिपत होते.

काही महिन्यांपूर्वी त्यांच्या चेहऱ्यावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, सुधारेल, पण वेळ लागेल, ओठांचे व्यायाम करत राहा. तोवर गाल सैल पडला तशी कवळीही सैल पडली होती. प, फ, ब तोंडातून नीट बाहेर पडेनात. चहा पिताना ओघळायचा, म्हणून त्यांनी चारचौघांत चहा पिणं सोडलं, मग चारचौघांत जाणंच सोडलं. त्यांच्या नाट्यमंडळाची दिग्दर्शिका गंधाली घरी येऊन हटून बसली तेव्हा कुठे ते तयार झाले. तिने स्पर्धेच्या नाटकात त्यांना एका निवृत्त न्यायाधीशाची भूमिका दिली होती. वाक्यं अगदी थोडी. पण त्या न्यायाधीशाच्या तोंडात सतत पाइप असतो.

"पहिलाच पाइप का, काका?" आकाशने विचारलं.

"पहिला आणि शेवटचा," अनंतराव म्हणाले. त्यातला प जरा निसटला.

"मग फार महागात जाऊ नका. पण दिसायला झकास पाहिजे ना? हा बघा." आकाशने वरच्या फळीवरचा एक सरळ, लांब, जडशीळ पाइप त्यांच्या हातात दिला.

अनंतरावांनी तो चांगल्या बाजूने, उजव्या कोपऱ्यात धरला आणि हात सोडला. पाइपाचं डोकं खाली झुकलं, त्याबरोबर कवळी उचलली गेली. त्यांनी घाईघाईने तोंडावर हात धरला आणि पाइप काउंटरवर ठेवला. दुसऱ्या पाइपाचंही तेच झालं. तिसरा त्यांनी उचललाच नाही.

"चल माणिक," ते म्हणाले. "हे आपल्याच्याने व्हायचं नाही."

"थांबा हो जरा. इकडे द्या ते." माणिकबाईंनी एकेक पाइप तळहातावर घेतला आणि डोळे मिटून हात वरखाली केला. आकाश बघतच राहिला.

"आंटी, काय चेक करताय?"

"वजन. वांगी घेताना बघते तसंच. हलकं वांगं घ्यायचं, आत बी कमी असते." त्यांनी वरच्या फळीवरची सगळी खानदानी मंडळी एकामागोमाग एक परत केली. मग त्यांची नजर खाली आली. त्यांनी मला उचललं, तळहातावर झुलवलं आणि डोळे उघडले. "हा."

"तो एकदम साधा आहे हां," आकाश म्हणाला. त्याचं एक बरं होतं, तो काही लपवायचा नाही. "गालावर डाग बघा, खड्डा बुजवलाय. म्हणून स्वस्त. पण माल चांगला आहे. ही साफ करायची तार आत घाला, कुठे अडकत नाही, सरळ तळापर्यंत जाते. आणि वाकडा आहे ना, त्यामुळे वजन खाली लोंबतं, दातांवर येत नाही. ओढायला सोपा."

"ओढायचा नाहीये रे," अनंतराव म्हणाले. "धरायचा आहे."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग आकाशनेही विचारलं, "म्हणजे?" आणि माणिकबाईंनी सांगितलं, की नाटकातला आहे, थिएटरात काडी ओढायला बंदी, आणि घरात तर त्यांची स्वतःची बंदी. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला शब्द अपुरे आहेत. परीक्षा रद्द झाल्याचं तुम्हाला अचानक कळलं तर कसं वाटेल, तसं समजा.

अनंतरावांनी मला ओठांत धरलं. कवळी हलली नाही. त्यांनी आरशात पाहिलं. एका बाजूला ओघळलेलं तोंड, दुसऱ्या बाजूला डागाळलेला पाइप.

"जोडा जमला," माणिकबाई म्हणाल्या. "दोघांचा एकेक गाल बिघडलेला."

अनंतराव हसले. हसू एकाच बाजूला उमटलं, पण माणिकबाई त्याकडे बघत राहिल्या. फार दिवसांनी पाहिलं असावं. घरी येताना मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आता माझ्या त्या वाक्याची पाळी आली. पाण्याशी संबंध संपला, असं मी म्हटलं होतं ना?

पोतनिसांच्या घरात बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय तोंडात जात नाही. माणिकबाईंचा तो नियमच आहे, आणि नियम म्हणून काही वाईट नाही. "दुकानात किती जणांनी तोंडात घालून पाहिला असेल, देव जाणे," असं म्हणत त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तोंडात जायची वस्तू कशाने स्वच्छ होते? त्यांच्यापुढे उत्तर तयार होतं. कवळी धुवायची गोळी. एका वाडग्यात कोमट पाणी, त्यात फसफसणारी गोळी, आणि त्यात मी. शेजारच्या वाडग्यात कवळी होती. ती मला बघून हसत होती. अर्थात तिला दुसरं काही येतच नाही.

दुपारभर मी त्या पाण्यात पडून होतो. पॉलिश गेलं, लाकूड फुगलं, मान ताठ झाली. मग त्यांनी मला खिडकीच्या ग्रिलवर कडक उन्हात वाळत घातलं. लाकूड पुन्हा आकसलं, पण पहिल्यासारखं नाही. दांडी मानेत बसत होती खरी, पण आता ती सैल होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. मला कळत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी अनंतराव बायकोला म्हणाले, "एक सांगून ठेवतो. लोकांसमोर हा पाइप माझ्या तोंडातून पडला तर लोक हसणार. आणि मग मी पुन्हा स्टेजवर उभा राहायचा नाही."

"नाही पडत," माणिकबाई म्हणाल्या.

शोकेसमध्ये माझ्या मानेत दांडी सैलच होती.

तालमी मरोळला व्हायच्या. तिथल्या औद्योगिक वसाहतीत मंडळातल्या एकाचा छपाईचा गाळा होता. रविवारी यंत्रं बंद असायची, म्हणून कागदांचे गठ्ठे भिंतीला सरकवून मधल्या जागेत नाटक उभं राहायचं. माझा प्रवेश शेवटचा होता. न्यायाधीशाचा मुलगा बापासमोर आपला गुन्हा कबूल करतो. बाप एक शब्द बोलत नाही. उठतो, कोट चढवतो, दोन्ही हातांनी एकेक बटण लावतो आणि मुलाला चौकीवर न्यायला दार उघडतो. हे सगळं होईपर्यंत पाइप तोंडात आणि हात बटणांवर. म्हणजे मला धरायला फक्त ओठ.

मुलाचं काम निहार करायचा. त्याने कबुलीचं भाषण संपवलं. अनंतराव उठले, कोट घातला, पहिलं बटण लावलं. मी लोंबत होतो आणि माझी मान दांडीवरून सरकत होती. दुसऱ्या बटणाला मी सुटलो. सिमेंटच्या फरशीवर आपटलो आणि घरंगळत छपाईच्या यंत्राखाली गेलो.

निहारला हसू फुटलं. त्याने तोंड दाबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अनंतरावांनी ओठांतली दांडी काढून खिशात टाकली, वाकून मला यंत्राखालून काढलं, आणि रुमालाने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"गंधाली, दुसरा माणूस बघ," ते म्हणाले.

"काका, असं काय करता? तालीम आहे ना ही? तालमीत काहीपण होतं."

"तालमीत झालं ते बरं झालं. स्टेजवर झालं असतं तर वाट लागली असती तुमच्या नाटकाची." ते पायऱ्या उतरायला लागले. मागून गंधालीचा आवाज आला, "निहार, तू हसलास कशाला रे? अक्कल आहे का यार तुला?"

मित्रांनो, मला इतकी लाज वाटली की काय सांगू. दोष माझा होता आणि मान खाली गेली होती त्यांची. बोरीवलीपर्यंत रिक्षात मी त्यांच्या मुठीत होतो आणि दांडी खिशात.

घरी माणिकबाई मटार सोलत बसल्या होत्या. अनंतरावांनी माझे दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "संपलं. पडला."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मटार सोलायच्या थांबल्या नाहीत. मग विचारलं, "डोकं खाली पडलं तेव्हा दांडी कुठे होती?"

"खिशात घातली."

"ते नंतर. पडलं तेव्हा?"

"तोंडात."

"तोंडात म्हणजे कशी?"

"ओठांत. ही अशी."

"पडली नाही?"

"नाही."

"मग तुमच्या तोंडातून काय पडलं हो?"

अनंतरावांनी दांडी उचलली, पुन्हा ओठांत धरली आणि दोन्ही हात मोकळे सोडले. दांडी जागच्या जागी होती. ते तसेच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी रुमाल काढला नाही.

माणिकबाईंनी मला हातात घेतलं, दांडी मानेत घालून हलवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हे माझंच काम. त्या गोळीच्या पाण्यात बुडवला ना मी. लाकूड आहे ते, कवळी नाही, एवढं कळू नये मला?"

"असू दे," अनंतराव म्हणाले. आणि हसले. "स्वच्छ तर झाला."

माणिकबाई उठून कपाटातून लाकडी कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. तो त्यांच्या सासूबाईंचा. एका खणात कुंकू, एका खणात जुनं मेण. पूर्वी बायका कपाळावर आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते टिकून राहायचं. त्यांनी मेण बोटावर घेऊन मऊ केलं, दांडीच्या टोकाला पातळ थर दिला आणि दांडी गोल फिरवत माझ्या मानेत बसवली.

"आईच्या कुंकवाचं मेण?" अनंतरावांनी विचारलं.

"मग? घामाच्या धारा लागल्या तरी सासूबाईंचं कुंकू कधी हललं नाही. हे काय हलतंय."

अनंतरावांनी गंधालीला फोन लावला. "दुसरा माणूस मिळाला का गं?"

"शोधलाच नाही काका," ती म्हणाली. "रविवारी वेळेवर या."

प्रयोग मुलुंडला होता. स्टेजवरच्या दिव्यांचा उजेड इतका कडक असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचा प्रवेश आला तोवर मला माझ्या मानेतलं मेण मऊ झाल्यासारखं वाटायला लागलं. निहारचं भाषण संपलं. अनंतराव उठले. पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं. तिसऱ्याचं काज नवं होतं, घट्ट होतं. बटण आत जाईना. अनंतराव जोर लावू लागले आणि प्रत्येक झटक्याला मी हलू लागलो. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा एक थेंब निघाला आणि दांडीवरून ओघळत माझ्या मानेपर्यंत आला. रुमाल खिशात होता आणि हात गुंतलेले होते. प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. तिसऱ्या रांगेत माणिकबाई बसल्या होत्या, पण उजेडामुळे त्या दिसत नव्हत्या.

मी माझ्याकडून जेवढं घट्ट बसता येईल तेवढं बसलो. बटण लागलं. अनंतराव वळले, दार उघडलं आणि मुलाकडे पाहत उभे राहिले. पडदा पडला.

विंगेत आल्यावर त्यांनी मला तोंडातून काढलं आणि इतका मोठा श्वास सोडला की माझ्या रिकाम्या पोटात शिट्टी वाजली. बाहेर टाळ्या चालू होत्या. निहार जवळ आला. "काका, त्या दिवशी हसलो, सॉरी. खरंच."

"अरे, हसण्यासारखंच होतं," अनंतराव म्हणाले. "चल, चहा पिऊ."

नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये सगळ्यांच्या घोळक्यात उभं राहून त्यांनी चहा प्यायला. थोडा शर्टावर सांडला. माणिकबाईंनी पाहिलं आणि आपला कप उचलला. अनंतरावांनीही पाहिलं आणि आणखी एक कप मागवला. नाटकाला पुढे बक्षीस मिळालं नाही, पण त्या दिवशी बक्षिसाची आठवणही कुणाला नव्हती.

आता मी पोतनिसांच्या शोकेसमध्ये असतो. रोज संध्याकाळी अनंतराव मला काढतात, ओठांत धरतात आणि आरशासमोर व्यायाम करतात. गाल बराच वर आला आहे. प आता नीट फुटतो. मेण वाळलं की माणिकबाई नवा थर लावतात. घरी आलेले पाहुणे मला बघून दचकतात आणि विचारतात, "हे काय, या वयात ओढायला लागलात की काय?"

"ओढत नाही," अनंतराव म्हणतात. "धरतो."

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. मोठे झालात तरी मला पेटवू नका. पेटला नाही म्हणून कुठल्याच पाइपाचं काही अडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पाण्यात तर मुळीच घालू नका. आणि कुणाच्या हातून, कुणाच्या तोंडून काही निसटलं, तर हसायच्या आधी एकदा नीट बघा, त्याने काय धरून ठेवलं आहे ते. मरोळच्या त्या फरशीवर मी पडलो होतो. अनंतरावांनी दांडी सोडली नव्हती.